संदर्भासाठी एक नाव

प्रिय धाकट्या,

तुझा बायोडेटा मिळाला. वाचला आणि सवयीप्रमाणे लाल शाईने रंगवला. शोधनिबंध तपासण्यात हयात घालवलेल्या बहिणीकडे कागद पाठवलास, तेव्हा याची तयारी तू ठेवली असशीलच. ‘मेहनती, प्रामाणिक, जबाबदार’ ही पहिली ओळ काढून टाकली आहे. विशेषणे उमेदवाराने स्वतःला चिकटवायची नसतात, ती वाचणाऱ्याला सुचावी लागतात. ‘लिफ्टची कामे केली’ म्हणजे नेमके काय केलेस? कोणत्या लिफ्ट, किती मजल्यांच्या, बिघाड शोधलास की नुसते तेलपाणी? ते लिही. जाहिरातीत त्यांना देखभालीचा अनुभव हवा आहे, म्हणून तो सर्वांत वर घे; शाळेतल्या धावण्याच्या बक्षिसाला एका पानाच्या बायोडेटात जागा नाही. आणि छंद ‘वाचन’? अरे, पुस्तक हातात दिले की तुझे पोट दुखायला लागायचे, हे मी विसरलेले नाही.

इकडे आईची खोली अखेर रंगवून घेतली. रंगारी एक नंबरचा कामचुकार. माळ्यावरचे कोपरे तसेच सोडून वर मलाच विचारतो, “बाई, तिथं चढून कोण बघतंय?” मी त्याला पुन्हा शिडीवर चढवले. त्याचे ते वाक्य मात्र दिवसभर कानात राहिले. का, ते तुला सांगायला नको.

तुरुंगातल्या वर्षांच्या जागी तू ‘स्वतंत्र व्यवसाय’ असे लिहिले आहेस. तो शब्दप्रयोग मी खोडला, पण त्या जागी काय लिहावे यावर दोन दिवस अडले. यंत्राच्या खोलीत न चढताच ब्रेक तपासल्याची सही तू केलीस, लिफ्ट घसरली आणि इमारतीचा पहारेकरी त्यात गेला. हे कोणत्या शीर्षकाखाली बसवायचे, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. शेवटी सरळ लिहिले: शिक्षा भोगली, तिथल्या कार्यशाळेत वीजजोडणीचे काम केले. दोन ओळी. विशेषण एकही नाही.

त्यांनी संदर्भासाठी एक नाव मागितले आहे, आणि तिथे तू माझे नाव घातलेस, वर ‘ज्येष्ठ सल्लागार’ ही पदवीही बहाल केलीस! माझे आडनाव वेगळे आहे म्हणून नाते झाकले जाईल, हा तुझा हिशेब पोरकट आहे. सख्ख्या बहिणीच्या शिफारशीला कोणी विचारत नाही. तुझ्या जुन्या सुपरवायझरला फोन केला. “ताई, त्याच्या हातात कला आहे हो,” तो म्हणाला, “पण मला यात नका गोवू.” त्या माणसाकडून मी याहून अधिक अपेक्षा ठेवली नव्हती.

म्हणून मी पहारेकऱ्याच्या बायकोकडे गेले. रागावू नकोस, तुला कामाच्या संदर्भात ओळखणारे आणखी कोण उरले आहे? ती एका लाँड्रीत इस्त्री करते. मी कोण ते सांगितल्यावरही तिचा हात थांबला नाही. ‘बसा’ म्हणाली नाही. “माफ केलंय असं समजू नका,” ती म्हणाली. “माझं घर बसलं ते बसलं. पण कोर्टात सगळे मशीनवर ढकलत होते. वकील त्याची बाही ओढत होता, तरी तो बोलला, मी वर चढलोच नव्हतो. कोणी विचारलं तर एवढं सांगेन. याच्या पुढं एक अक्षर नाही.” मग तिने कॉलर उलटवली आणि म्हणाली, “त्याच्या कागदावर खोटं असेल, तर माझं नाव घालू नका.”

मुलाखत सोमवारी आहे. पाकिटात दोन प्रती आहेत. एकीत तुझा ‘स्वतंत्र व्यवसाय’ आहे तसाच ठेवला आहे, फक्त शुद्धलेखन सुधारले. तीत संदर्भाची जागा रिकामी आहे, कारण माझे नाव मी काढून घेतले. दुसरीत त्या दोन ओळी आहेत, आणि खाली तिचे नाव व फोन नंबर, पेन्सिलीने. ही प्रत नेलीस तर नोकरी मिळेलच असे नाही. बहुधा मिळणार नाही. तरी तिचे नाव शाईने गिरवायचे की खोडायचे, हे मला तुझ्याकडून हवे आहे, कारण शनिवारी मला पुन्हा त्या लाँड्रीत जाऊन तिला उत्तर द्यायचे आहे.

तुझीच, पण संदर्भ म्हणून नव्हे,
ताई