बाभळीचं चाक

पुणे, २० जानेवारी २०००

ती. सुलोचनाबाईस रत्नदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि. आम्ही सर्व खुशाल. मायचा खोकला कसा आहे? तिचं सगळं तू एकटी करतेस आणि हा भाऊ पुण्यातून नुसत्या चौकशा करतो, असं तू म्हणशीलच.

दिवाळीत आणलेलं आपल्या विहिरीचं लाकडी चाक पॉलिश करून हॉलमध्ये लावलं. पौर्णिमानं ते शाळेत जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात नेलं आणि पहिला नंबर काढला. तिनं सांगितलं, की माझे आजोबा कवडूजी मोठे शेतकरी होते. त्यांच्या विहिरीवर सारा गाव पाणी भरायचा, म्हणून दोरानं चाकाला एवढी खोल खाच पडली. तिच्या बाईंनी तिला वर्गावर्गांतून फिरवलं. मायला हे वाचून दाखव. नातीचं कौतुक ऐकून तिला बरं वाटेल.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, रत्नदीप

आंजी (मोठी), ३ फेब्रुवारी २०००

चि. रत्नदीपले बाईचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलून राह्यलती. मी तुझं पत्र मोठ्यानं वाचत गेली आणि थांबावं हे सुचेपर्यंत सारं वाचून झालं. माय उठली. शेंगा तशाच ठेवून आत जाऊन निजली.

पोरीले हे कोणी सांगितलं? आपल्या बापाजवळ एकरभर जमीन नव्हती. गावच्या विहिरीले आपल्याले हात लावू देत नसत. वरून कोणी घागरीत ओतलं तर पाणी. एक दिवस कोणीच ओतलं नाई. मायनं नाल्याचं पाणी भरलं आणि कांताले पाजलं. आपली थोरली बहीण ती, पाच वर्षांची. हैजा झाला, वांत्या-जुलाब लागले, दिवस मावळायच्या आत गेली. त्यावर बापानं आपल्या मोहल्ल्यात विहीर खणायले घेतली. मायनं मुरूम डोक्यावर वाह्यला. सुतार मोहल्ल्यात येईना, म्हणून बाभूळ तोडून बापानं ते चाक सोताच कोरलं.

पोरगी तेरा वर्षांची झाली, तिले हे समजते. तुले सांगायची लाज वाटत असन तर चाक वापस धाडजो.

रागावली म्हणून परकी समजू नको.
बाई

पुणे, १९ फेब्रुवारी २०००

ती. बाईस सप्रेम जयभीम. पत्र मिळालं. लाज म्हणतेस ते बरोबर नाही. मागच्या घरमालकानं आमच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि महिन्यात घर रिकामं करायला लावलं, हे मी तुम्हाला कळवलं नव्हतं. इथं पौर्णिमाच्या मैत्रिणी रोज घरी येतात. त्या चाकाकडे बोट दाखवून विचारतात. तेव्हा जे सुचलं ते मी सांगितलं. दहावी झाली की तिला सगळं सांगेन. उन्हाळ्यात तिला घेऊन येतो. मायनं तिला तेव्हाच काही सांगू नये, एवढं तू बघ.

लहान भावाला पदरात घे.
रत्नदीप

आंजी (मोठी), ११ जून २०००

चि. रत्नदीपले आशीर्वाद. तुम्ही पोचल्याचं कार्ड आलं. मायले सांगू नको म्हणायची गरजच पडली नाई. इथं असताना पौर्णिमा तिच्या खाटेवर बसून विहिरीबद्दल विचारत होती, मी चुलीपाशी होती. माय तिले म्हणे, तुह्या आजाची विहीर लय मोठी होती, सारा गाव यायचा, आम्ही कोणालेच नाई म्हटलं नाई. मले वाटलं, नातीचं मन राखून राह्यली.

तुम्ही गेल्यावर मी कांताची गोष्ट काढली. तिनं मले विचारलं, कोण कांता? अलीकडं ती जेवल्याचंही विसरते, पण कांताले कधी विसरली नव्हती. दर आखाडीच्या पुनवेले, कांता गेली त्या दिवशी, तिच्या नावानं रडायची, मीच पाणी पाजलं म्हणायची. आता विहिरीचं सांगताना तिचा चेहरा उजळते. तिच्या या विहिरीवरून कोणाची पोर तहानेली गेलीच नाई. मी आता तिले खरं काय म्हणून सांगू? काऊन सांगू?

जिवाले जपजो.
बाई

आंजी (मोठी), २८ ऑक्टोबर २००१

चि. रत्नदीपले आशीर्वाद. माय गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाले तुम्ही आलात, मोहल्ल्याले बरं वाटलं. तू पाहुण्यांत होता तेव्हा मी पौर्णिमाले मागच्या निंबाखाली नेलं. तुले विचारलं नाई. विचारलं असतं तर तू थांब म्हटलं असतं, आणि माह्यानं आता थांबवत नाई.

तिले सारं सांगितलं. घागर, नाला, कांता, बापाचं चाक. तिनं मधात तोंड घातलं नाई. गुणाची पोर आहे. मग माह्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, की आत्या, सारा गाव यायचा हे मले तर आजीनंच सांगितलं, आजीनं सोता पाह्यलं होतं, तुमचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

खरंच आहे रे. कांता गेल्यावर दोन वर्षांनी मी जन्मली. तिले पाह्यलेलं आता कोणी उरलं नाई. मी तरी कुठं पाह्यली होती तिले.

चाक तुह्याचजवळ राहू दे. येणंजाणं तोडू नको.
तुही बाई, सुलोचना