आपण कोणता वार आहोत

उमापूर, २ सप्टेंबर २०२५

ती. महादेवीअक्का हीस सोमेश्वरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तू हसतेस आणि माझं वाक्य अर्धंच राहतं, म्हणून पत्र. अकरा तारखेला वेरूळजवळच्या एका हॉटेलात तोंडी परीक्षा आहे. फ्रेंच पाहुण्यांच्या स्वागताला मुलगा हवा आहे. पास झालो तर नोकरी. नाहीतर अप्पांनी बजावलं आहे की दुकानात बसून डाळ मोजायची. बारावी नापासाला तिसरा रस्ता नाही.

बीडच्या क्लासमध्ये बंकट सर सध्या वार शिकवतात. आज कोणता वार, हे फ्रेंच माणूस 'केल झूर सोम-नू' असं विचारतो. शब्दशः अर्थ, आपण कोणता वार आहोत. यातला 'सोम' म्हणजे 'आहोत', सोमवार नव्हे. 'झूर'चा ऊ दीर्घ. सर ऱ्हस्व लिहितात. मी ते दाखवून दिलं, तर त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं.

थट्टेतून उरेल तेवढी माया असू द्यावी.

तुझा सोमेश्वर

पाली, ५ सप्टेंबर

चि. सोमेश्वर यास महादेवीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, माणूस वार कसा असंल गं? मग जरा विचार करून म्हणाले, तुझी सासू मातर शनिवार हाय. सासूबाईंनी ऐकलं. तेव्हापासून मामंजींना चहा बिनसाखरेचा मिळतो.

तुझे बंकट सर मागच्या साली टायपिंग शिकवायचे, त्याआधी पोलीस भरती. फ्रान्सचा माणूस त्यांनी कधी बघितला का, तेवढं विचार. आणि परीक्षेत कुणाच्या चुका काढू नकोस. माझी लग्नपत्रिका तू भर मांडवात तपासलीस, ते सासरी अजून निघतं. विचारलं तेवढं सांग आणि गप बस.

आईस नमस्कार. उत्तर लवकर धाड, वेलांट्या मोजत बसू नकोस.

तुझी अक्का

उमापूर, १६ सप्टेंबर

ती. अक्का हीस शि. सा. नमस्कार.

परीक्षा झाली. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं, दोन्ही नीट सांगितलं. मग त्यांनी तोच वाराचा प्रश्न इतक्या भरभर विचारला, की मला फक्त 'सोम' ऐकू आला. मी ठामपणे सोमवार सांगितला. त्या म्हणाल्या, 'नू सोम झदी', म्हणजे आपण गुरुवार आहोत. पुन्हा सोम. मला वाटलं, घराण्याचा उपवासाचा वार विचारतात. मी सांगितलं की आमचा सोमवारच, गुरुवार शेजारच्यांचा. त्यांनी शांतपणे समजावलं की वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, तुमच्या भरवशावर पाहुणे बंद दारापुढे उभे राहतील. दुसऱ्या मुलाला घेतलं.

निकाल मी सरांना कळवला. तरी त्यांनी बीडच्या बसस्टँडसमोर माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला, 'फ्रेंच भाषेत निवड, हार्दीक अभिनंदन'. वेलांटी चूक. अप्पांनी तो पाहिला आणि मला न विचारताच गावभर पेढे वाटले. नंतर खरं कळलं. मी म्हणालो, उद्यापासून दुकानात बसतो. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, गिऱ्हाईक बघंल, फ्लेक्स उतरंपर्यंत माडीवरून खाली यायचं न्हाई. पोरगा कुठं आहे, असं कुणी विचारलं की ते अभिमानाने सांगतात, आणि मी वरून ऐकतो.

तू रविवारी येणार असं आई म्हणाली. खालून हाक मारू नकोस. मी वेरूळला आहे.

तुझा सोमेश्वर