हेडचा बोल्ट एकदाच

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, मग कंपनीचं इंजिन कधी येतंय, आणि मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. आवाज काही तुटत नव्हता. बाबा शेजारीच पेपर वाचत बसले होते, आणि त्यांच्यासमोर खरं बोलायचं धाडस मला झालं नाही. म्हणून हे लिहितोय. माझं अक्षर तुला माहीतच आहे, कोंबडीचे पाय शाईत बुडवल्यासारखं. तरी शेवटपर्यंत वाच. आणि वाचून होईपर्यंत कंपनीला काही कळवू नकोस.

तुझी व्हॅन गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात उभी आहे, तोंड उघडं टाकून. बाकी बरी आहे. मागच्या सीटवर भाच्याने खडूने काढलेला हत्ती अजून तसाच आहे, मी पुसू दिला नाही. इंजिन थकलं म्हणून व्हॅन आणलीस तेव्हा तू म्हणाली होतीस, तू आणि बाबा, दोघं ठरवाल ते मला मान्य. दोघं ठरवाल! आमच्या दोघांचं आजवर कधी एका गोष्टीवर जमलंय? मी म्हटलं, कंपनीचं मागवू. कारखान्यात जुनं इंजिन सुटं करून, नव्यासारखं बांधून, तपासून पेटीतून येतं. वर लेखी हमी. फक्त त्या बदल्यात आपलं जुनं इंजिन त्यांना देऊन टाकायचं. बाबा म्हणाले, कुणाचं तरी उघडलेलं, कुणीतरी बांधलेलं इंजिन माझ्या पोरीच्या गाडीत कशाला? ब्लॉक चांगला आहे. जावईबापूंनी हे इंजिन लेकरासारखं वापरलंय. मी बांधतो.

गेलेल्या भावोजींचं नाव निघाल्यावर मी काय बोलणार? हो म्हटलं. पण मनातून धास्तावलो होतो, ताई. बाबांचा हात तू मागच्या खेपेला पाहिलास ना? चहाचा कप ओठांपर्यंत जाईस्तोवर अर्धा चहा बशीत. आई तर तोंडावर म्हणाली, कप धरवत नाही आणि निघाले इंजिन धरायला. त्यावर बाबा म्हणाले, कप मी बांधलेला नाही, म्हणून तो ऐकत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ट्रंकेतला तो कामाचा निळा डगला काढून, त्याची उरलेली दोन बटणं लावून गॅरेजमध्ये हजर. इतक्या दिवसांनी मला परत शिव्या बसायला लागल्या. पाना जागेवर का नाही, चिंधी कुणी भिजवली, तू गाड्या दुरुस्त करतोस की लपवतोस. खरं सांगू, बरं वाटत होतं.

तुला आठवतं का, बोल्टवर रेघ मारायचा पांढरा रंग संपला होता आणि तू तुझी लाल नेलपॉलिशची बाटली आणून दिली होतीस? आईच्या नकळत घेतलेली, आणि मग सबंध गॅरेजच्या कामी आलेली. तेव्हापासून आपल्याकडे बांधलेल्या प्रत्येक इंजिनावर लालच रेघ असते. बोल्ट घट्ट केला की बोल्टच्या डोक्यावरून खाली ब्लॉकपर्यंत एक सरळ रेघ. पुढे बोल्ट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, तुमची इंजिनं लग्नाला निघालीत का म्हणून. बाबांना त्याचं काही नव्हतं. बाटली संपली की त्याच रंगाची दुसरी शोधून आणायचे, दुकानातल्या बायका हसल्या तरी.

ती रेघ मला लहानपणापासून पाठ आहे, आणि तरीही मी जे केलं ते केलं. बाबा दुपारी जेवून आडवे व्हायला घरी जायचे, तेव्हा मी शटर अर्धं ओढून त्यांचं काम तपासायला लागलो. आधी नुसतं पान्याने चाचपून बघायचो. सगळं ठीक असायचं. पण संशय एकदा मनात शिरला की पाहुण्यासारखा दोन दिवसांत जात नाही. मग मी त्यांनी लावलेले बोल्ट सैल करून पुन्हा माझ्या हाताने लावायला लागलो. रेघ तुटायची. ती थिनरने पुसून नवी मारायचो, बायकोच्या बाटलीतली. रंग जरा गुलाबीकडे जाणारा होता. म्हटलं, मोतीबिंदूचे डोळे, त्यांना काय कळणार. बघ कशी अक्कल गहाण पडते ती. ज्यांनी मला इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखायला शिकवलं, त्यांना मी रंगात फसवायला निघालो होतो.

बाबांचं काम चालूच राहिलं. रोज माझ्या आधी येऊन कामाला लागलेले असायचे. इंजिनाच्या पोटातल्या क्रँकचे बोल्ट लावले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोचेपर्यंत त्यांनी ऑइलची चेंबर बसवून इंजिन खालून बंदसुद्धा केलं होतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो, माझ्या गुलाबी रेघा आत झाकल्या गेल्या.

मग इंजिनाच्या माथ्यावर झाकणासारखं हेड बसवायचा दिवस आला. हेडचा बोल्ट एकदाच, हे बाबांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलंय. तो बोल्ट घट्ट होताना ताणला जातो. सोडून परत आवळायचा नसतो, बदलायचा असतो. मला हे माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? माहीत होतं. पण सकाळी त्यांच्या हातातून चहाचा पेला निसटून फुटला होता. आणि तुझा तो घाटातला उतार, मागे बसलेली शाळेची पोरं, तुझी आणि दुसऱ्यांची, सगळं डोळ्यांपुढे आलं. दुपारी मी हेडचे बोल्ट सोडले आणि परत आवळले. शेवटच्या बोल्टला हाताखाली काहीतरी मऊ लागलं. मऊ लागलं की समजायचं, गेलं. बोल्ट बाहेर काढला तर ब्लॉकमधले आटे त्याला चिकटून आलेले, तारेच्या गुंडाळीसारखे. मी तो तसाच भोकात ठेवून दिला आणि हात धुवायला गेलो. परत आलो तर बाबा आले होते.

त्यांनी त्या बोल्टवर नुसतं बोट ठेवलं, तो गोल फिरला. बाकीच्या बोल्टांवरच्या रेघाही त्यांनी नीट पाहिल्या. सगळ्या तुटलेल्या होत्या, कारण नव्या मारायला मला वेळच मिळाला नव्हता. मला वाटलं, आता जमीन दुभंगेल. बाबा म्हणाले, माझा हात जड पडला रे. बस्स, एवढंच. डगला काढला, घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवला आणि घरी गेले. मी त्यांना थांबवलं नाही. चाळिशी उलटलेला माणूस मी, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा चिंधीने स्वच्छ हात पुसत उभा राहिलो.

त्या संध्याकाळी त्यांनीच तुला फोन लावला. माझ्या हातून बिघडलं, पोरी. तू किती प्रेमाने म्हणालीस, जाऊ द्या बाबा, वय झालं आता, कंपनीचंच बसवू. फोन स्पीकरवर होता, मी ताट घेऊन तिथेच बसलो होतो. बाबा हो हो म्हणत हसले. त्यानंतर ते गॅरेजकडे फिरकलेले नाहीत. पेपर वाचतात, म्हणजे एकच पान उलटून पालटून बघतात. कप आता आई अर्धाच भरते.

शुक्रवारी कंपनीची गाडी जुनं इंजिन न्यायला येणार आहे. निदान आपण घातलेल्या नव्या बेअरिंगा तरी त्यांना फुकट द्यायला नकोत, म्हणून काल मी चेंबर खोलली. क्रँकच्या प्रत्येक बोल्टवर माझी गुलाबी रेघ होती, आणि तिच्या शेजारी दुसरी, जुन्या लाल रंगाची. थरथरलेली, वाकडीतिकडी, पण बोल्टवरून खाली नेमकी जुळलेली. एकही बोल्ट सुटलेला नव्हता. मी त्यांचं काम तपासत होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ते माझं तपासत होते, बोल्ट न सोडता, नुसता पाना लावून, जसं तपासायचं असतं तसं.

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती, तिने मान वरही केली नाही. म्हणाली, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मीच त्यांना म्हटलं, मग ओरडा की पोरावर. तर म्हणतात कसे, मी काय आज आहे उद्या नाही. पुढे पोरीची गाडी त्यालाच बघायची आहे. तिचा माझ्या हातावरचा विश्वास उडाला तर चालेल, त्याच्या हातावरचा उडायला नको.

ताई, म्हणून हे पत्र. बाबांचा हात चुकला नाही. तो बोल्ट माझ्या हातून गेला, आणि त्यांनी तो तुझ्यासमोर स्वतःच्या नावावर घेतला. हे वाचून तुझा माझ्यावरचा विश्वास उडाला, तर तो उडायलाच हवा. लेथवाल्याला ब्लॉक दाखवलाय, नवे आटे बसवता येतील म्हणतो, पूर्वीपेक्षा पक्के. हेडचे नवे बोल्टही आणून ठेवलेत. तरी गाडी तुझी आहे, पोरं तुझी आहेत. कंपनीचंच हवं म्हणालीस तर शुक्रवारी मी स्वतः हे इंजिन त्यांच्या गाडीत चढवून देईन. पण बाबांच्या हाताला भिऊन ते ठरवू नकोस. आणि मूळचंच हवं असेल तर फोन मला करू नकोस, त्यांना कर. सांग, बाबा, माझं इंजिन तुम्हीच बांधायचं. डगला अजून माझ्या टेबलावर घडी घातलेलाच आहे, मी हलवला नाही. ते बांधायला येतील तेव्हा दुपारीही मी शटर पूर्ण उघडं ठेवीन आणि लांब उभा राहीन. तू इकडे येशील तेव्हा तेवढी त्याच लाल रंगाची बाटली घेऊन ये, इथली वाळून गेली आहे.

तुझाच, ज्याच्या वाट्याची बोलणी बाबांनी खाल्ली तो,
धाकटा