अकरा मिनिटांचा पाडाव

तुर्कू, जुहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्याच्या सणाच्या, आठवड्यातला गुरुवार

आदरणीय रायलीताईस, आणि तुझ्यामार्फत त्या तमाम भावाबहिणींस, ज्यांनी पडद्यावर घरं उभी करायचा पेशा पत्करला आणि ज्यांचं निम्मं आयुष्य त्याच पडद्यावरचं फिरतं चक्र बघण्यात गेलं, धाकट्या चुलतभावाचा, इल्पोचा, मनापासून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भावजींची होडी पाण्यात उतरली का, ते कळव. मार्चमध्ये तुझ्या साठीला मी पाठवलेली भेट तू लगेच कामाला लावलीस हे वाचून ऊर भरून आला. (इतरांनी तुला फुलदाण्या दिल्या असतील. मी उपयोगाची वस्तू दिली.) तू लिहितेस की औलूला तुमच्या इमारतीचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल ईस्टरपासून कण्हतंय, उघडायला चौदा मिनिटं घेतं, आणि तुम्ही सगळ्यांनी ते आता वयाचं दुखणं म्हणून मान्य केलंय. ताई, मान्य करू नका. म्हणून तर हे लिहितोय, आणि कागदावर लिहितोय, कारण ईमेल वाचायला तुला मॉडेल बंद करावं लागतं, आणि एकदा बंद केलं की पुन्हा चौदा मिनिटं.

आमची कथा ऐक. तुला माहीत आहेच, ओस्मोच्या ऑफिसात आम्ही सात जण, आणि कामगार संघटनेचा निवडलेला प्रतिनिधी मी. गेले आठ महिने आम्ही बंदराजवळच्या एका इमारतीचं मॉडेल करतोय. शहाण्णव घरं, आणि अर्थातच प्रत्येक घरात स्वतःचा सॉना. हे मॉडेल उघडायला अकरा मिनिटं लागायची. इमारत पडद्यावर नुसती वळवायची म्हटली तरी ती आधी नाहीशी व्हायची, मग खिडक्या यायच्या, मग बऱ्याच वेळाने भिंती, म्हाताऱ्याला नातवंडांची नावं आठवावीत तशा एकेक. आम्ही काय केलं? आपण फिनलंडचे लोक काय करणार, कॉफी प्यायलो. फाइल उघडायला टाकायची आणि कॉफीच्या टेबलाशी जायचं, जतन करायला टाकायची आणि पुन्हा जायचं. एप्रिलमध्ये मी दिवसाला नऊ कपांवर होतो आणि माझ्या भाषणांना कधी नव्हे इतका श्रोतृवर्ग मिळत होता.

मग सोमवार उजाडला. नगरपालिकेला द्यायची प्रत मॉडेलमधून काढायची होती. कॉम्प्युटर चार तास कण्हला आणि बंद पडला. दुसऱ्यांदा लावलं, पुन्हा तेच. ओस्मो त्याच्या खोलीतून बाहेर आला. (वर्षातून दोनदा येतो.) म्हणाला, "बुधवारी दुपारी तीनच्या आत प्रत पोचली नाही, तर बिल्डर ऑगस्टपर्यंत आपल्याला सोडणार नाही. जुलैची सुट्टी विसरा." आणि आत गेला.

ताई, जुलै. तुला वेगळं सांगायला नको. अकरा महिने माणूस ज्या चार आठवड्यांसाठी कामावर येतो, ज्यात तळ्याकाठचं लाकडी घर, धक्क्यावरची खुर्ची आणि कुणाशीही न बोलण्याचा हक्क असतो, तो जुलै. सहा माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी उभा राहिलो.

पहिलं भाषण मी कॉम्प्युटरांवर केलं. पिरॅमिड बांधणाऱ्यांना दोरखंड कोणी पुरवले इथून सुरुवात करून मी मध्ययुगातल्या पाथरवटांच्या संघांपर्यंत आलो आणि मागणी मांडली की सात जणांना सात नवी यंत्रं मिळालीच पाहिजेत. ओस्मोने दार उघडून सांगितलं की यंत्रं डिसेंबरात नवीन घेतली आहेत आणि माझ्या यंत्रावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. हे खरं होतं. दुसरं भाषण मग झाडांवर केलं. आमच्या मॉडेलच्या अंगणात मिर्याने चाळीस बर्च लावले होते. (मिर्या माझ्या शेजारी बसते, एकवीस वर्षं, आणि तेवढ्या काळात मी जितकी वाक्यं दुपारपर्यंत बोलतो तितकी बोलली असेल.) मी म्हटलं, पानापानाने झाड काढणं ही हौस आहे, आणि एकाच्या हौसेपायी सगळ्यांनी का भोगायचं. मिर्याने एक झाड बाजूने फिरवून दाखवलं. कागदासारखं सपाट. साधं चित्र, उभं केलेलं.

"झाडाला वजन नाही," ती म्हणाली. "तुझं झालं असेल तर आपण शोधू या का?"

आता नीट वाच, कारण या पत्रातली ही एक युक्ती माझ्या दोन्ही भाषणांपेक्षा मोलाची आहे. (हे मी कुठेही जाहीर कबूल करणार नाही.) मिर्याने अर्धी इमारत झाकून टाकली. पुसली नाही, नुसती पडद्यावरून लपवली. मॉडेल हललं नाही, म्हणजे दुखणं उरलेल्या अर्ध्यात. मग त्यातली अर्धी झाकली आणि यंत्र एकदम हलकं झालं, म्हणजे दुखणं आत्ता झाकलेल्यात. असं अर्धं, पुन्हा अर्धं, करत आम्ही मंगळवारी साडेदहाला एका जिन्यावर आलो, मग एका मजल्यावर, मग एका घरात. सगळी घरं सारखीच, म्हणून बाकी इमारत परत दाखवली आणि एकेक वस्तू शहाण्णवही घरांत एकदम झाकत गेलो. स्वयंपाकघर झाकलं, काही नाही. पलंग झाकला, काही नाही. शेवटी आम्ही दोघे चौतीस नंबरच्या सॉनात येऊन पोचलो. तिथे बाक होता, बादली होती, पळी होती आणि दगड तापवून त्यांवर पाणी मारायची, वाफेची शेगडी होती. बादली झाकली. काही नाही. शेगडी झाकली, आणि ताई, यंत्राचा पंखा जो फेब्रुवारीपासून घोंघावत होता तो गप्प झाला. खोलीत इतकी शांतता पसरली की कोपऱ्यातल्या फ्रिजचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

शेगडी उघडली. आत दोनशे चौदा दगड. एकेक दगड स्वतंत्र घडवलेला, कंगोऱ्यांसकट, आणि खालच्या थरातले, जे देवालाही दिसणार नाहीत, तेही. अशा शहाण्णव शेगड्या. मी गुणाकार केला: वीस हजार पाचशे चव्वेचाळीस दगड. आमच्या इमारतीला इतक्या विटाही नव्हत्या.

बरं, शेगडी एकदा घडवून तिच्या जोडलेल्या प्रती शहाण्णव घरांत ठेवल्या असत्या तरी निभावलं असतं. जोडलेली प्रत म्हणजे मूळ वस्तू एकच, बाकी सगळ्या तिच्या सावल्या. यंत्राला एकदाच लक्षात ठेवावं लागतं, आणि मूळ बदललं की शहाण्णवही आपोआप बदलतात. पण कुणीतरी प्रत्येक शेगडीची मुळाशी असलेली जोड मुद्दाम तोडली होती. मी तिथल्या तिथे तिसरं भाषण केलं, आणि आजवरचं ते माझं सर्वोत्तम होतं. त्या अज्ञात इसमाच्या उथळपणावर मी वीस मिनिटं बोललो. मिर्या तोवर काम करत होती. तिने एक चौकोनी खोकं केलं, वर दगडांच्या जागी एकच टेकाड ठेवलं, आणि शहाण्णव शेगड्यांच्या जागी त्याच्या जोडलेल्या प्रती बसवल्या. नगरपालिकेतल्या बाई दारांची रुंदी मोजतात, आगीतून निसटायचा रस्ता तपासतात. दगड मोजायला त्यांना सांगितलेलं नाही.

मग आमच्या हातांना चव लागली. जिथून तिथून उतरवून घेतलेली पण कुठेच न लावलेली खुर्च्या-नळांची अडगळ फाइलच्या तळाशी साचली होती, ती उपसली. पडद्यावरच्या उन्हाच्या सावल्या बंद केल्या. त्या शेवटचं चित्र काढताना लावायच्या, रोज नाही. प्रत्येक मजला आपापल्या थरावर ठेवला, म्हणजे तिसऱ्यावर काम असलं की बाकीचे झाकून ठेवता येतात. आणि मी भिंतीवर नियम लावला: बाहेरून आणलेली कोणतीही वस्तू आधी रिकाम्या फाइलमध्ये उघडून तिचं वजन बघायचं, मगच मॉडेलमध्ये घ्यायची. पाहुण्याला आपण जोडे काढायला लावतो की नाही, तसं.

बुधवारी सकाळी मॉडेल अडतीस सेकंदांत उघडलं. प्रत सहा मिनिटांत निघाली. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी नगरपालिकेला पोचल्याची पावती आली, म्हणजे मुदतीच्या पाच तास आधी. ओस्मो बाहेर आला (वर्षातली दुसरी वेळ झाली, आता नाताळपर्यंत निश्चिंती), पावतीकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं." तीस वर्षांत त्याने एवढी स्तुती कुणाची केलेली नाही. सहा जणांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. जुलै वाचला, ताई. परवा मी सणासाठी तळ्यावर जातो, आणि जुलैत पुन्हा.

एकच गालबोट लागलं. आज सकाळी तीन सहकारी माझ्या टेबलाशी आले, संघटनेचा प्रतिनिधी म्हणून तक्रार नोंदवायला. मॉडेल इतक्या लवकर उघडतं की कॉफीला उठताच येत नाही, करारातल्या कॉफीच्या दोन सुट्ट्यांवर भागवावं लागतं. त्यांनी विचारलं की थोडे दगड परत घालता येतील का. एका मजल्यापुरते. मी कडाडून नकार दिला आणि त्यावर बोलायला उभा राहिलो, पण सगळे कामाला लागले होते. ऐकायला कुणी उरलं नव्हतं. विजयाची किंमत मोजावी लागते ती अशी.

भावजींना नमस्कार, आणि गुडघ्याला माझ्यातर्फे दम दे.

तुझा,
इल्पो

ता.क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात मिर्याने फाइलची नोंदवही पडद्यावर उघडली. कोणती वस्तू कोणी केली हे तिथे लिहिलेलं असतं. शेगड्यांपुढे माझं नाव आहे. आता मला आठवलं. फेब्रुवारीत मीच कॉफीच्या टेबलाशी म्हटलं होतं की दोन शेजाऱ्यांच्या शेगडीत हुबेहूब सारखे दगड असणं हा सॉनाचा अपमान आहे, आणि पुढचे तीन शनिवार खपून प्रत्येक शेगडी वेगळी रचली होती. मी मिर्याला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, "सोमवारी." मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगितलं असतं तर तू दगडांच्या बाजूने बोलायला उभा राहिला असतास. शुक्रवार उजाडला असता."

ता.क. २. भिंतीवरच्या नियमाखाली तिने पेन्सिलीने "इल्पोने आणलेली धरून" असं लिहिलंय. मी ते पुसलेलं नाही.

ता.क. ३. ताई, आता तुझ्या साठीच्या भेटीबद्दल. भेट म्हणून पाठवलेल्या त्या फाइलमधल्या शेगड्या याच. मी तुला चांगल्या निवडून दिल्या होत्या, जास्त कंगोऱ्यांच्या दगडांच्या. तुमच्या इमारतीत एकशे दहा घरं आहेत आणि तुमची मुदत तीस तारखेची आहे, आणि तुझाही जुलै आहे. तेव्हा पत्र खाली ठेव, मॉडेल उघडायला टाक, शेवटची चौदा मिनिटं कॉफी पी, आणि परत आलीस की माझ्या शेगड्या, एकूण एक, पुसून टाक.