दुसरी किल्ली

२ मार्च

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची भिंगरी अजून धडधाकट आहे, काळजी नसावी. परवा दिवाणखान्यात वीट आली. तिला गुंडाळलेल्या कागदावर माझं नाव होतं आणि नावात दोन चुका. तुम्ही असतात तर आधी लाल शाईने चुका सुधारल्या असत्या.

बाकी हसण्यासारखं काही नाही. तुमच्या गावच्या जुन्या खाणीत साऱ्या महानगराचा कचरा टाकायचा, हा ठराव बारा तारखेला परिषदेत मताला येतोय. मोजणीला आलेल्या आमच्या दोन अभियंत्यांना तुमच्याकडच्या लोकांनी खाणीच्या कठड्याला बांधून मारलं. एकाची बरगडी फुप्फुसात घुसली आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या पोलिसांनी तुमच्या दोन गल्ल्यांतली दारं फोडली, हेही मला कळलंय. शहराचे सदस्य सव्वीस, नऊ गावांचे मिळून पंचवीस. पाणी असो, बस असो, गावं एका मताने हरणार हे ठरलेलंच. लोकांनी निवडून दिलंय म्हणून हे न्यायाचं, असं मी अध्यक्ष म्हणून व्यासपीठावरून सांगते. घरी आल्यावर माझं मलाच पटत नाही.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी प्रेक्षकांची गॅलरी भरणार. सभागृहाला आणि गॅलरीला मिळून असलेलं ते एकच दार तुम्ही एकतीस वर्षं सांभाळलंत. मताची घंटा झाल्यावर दार लावून घेऊ की या वेळी उघडंच ठेवू?

आणि निवृत्त होताना ‘आठवण’ म्हणून खिशात घातलेली दुसरी किल्ली कधी परत देणार? सभागृहातल्या घड्याळाखाली अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेल्या तिच्या काचपेटीत सहा वर्षं नुसता खिळा आहे. कोणाचं लक्ष नाही आणि मीही चुगली केलेली नाही, हे उपकार लक्षात ठेवा. काकूला नमस्कार.

तुमची,
भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वीट जपून ठेव, पुढे घर बांधशील तेव्हा कामाला येईल.

काल आमच्या वळणावर तुमच्या तीन कचरागाड्या जाळल्या. गावात अजून कचरा आला नाही, नुसत्या गाड्या रस्ता बघायला आल्या होत्या. एका चालकाला खिडकीतून ओढून काढला. मारणारे सगळे ओळखीचे. आमचा न्हावी, पोस्टातला कारकून, काकूकडे शिकवणीला येऊन गेलेले दोघे. चालकाचा कान अर्धा लोंबत होता. तुझी काकू त्या गर्दीत घुसली, एकेकाला नावाने हाक मारून लाज काढली आणि चालकाला घरात आणून चादर फाडून बांधलं. म्हणून रात्री आमच्या दारावर कुऱ्हाड पडली. फळी चिरली, कडी शाबूत आहे. दारांच्या बाबतीत मी कच्चं काम करत नाही.

आता तुझा प्रश्न. घंटा झाली की दार बंद, किल्ली दारवानाच्या खिशात, आणि मोजणी वाचून होईपर्यंत आभाळ कोसळलं तरी उघडायचं नाही. दार उघडं राहिलं तर बाहेरचा जमाव मत ठरवतो. मी एकदा खुद्द अध्यक्षांना बाहेर उभं केलं होतं, ते तोंडघाशी पडले पण मत निर्मळ झालं. नवा दारवान माझ्याच हाताखाली तयार झालाय, अध्यक्षांनी मान हलवल्याशिवाय तो हलणार नाही.

किल्लीवरून काकूही माझं डोकं खाते. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये म्हणते. मत होऊन जाऊ दे, मग देतो म्हटलंय. ती बाराला गॅलरीत येणार आहे. तू गावाच्या बाजूने मत देतेस का, ते तिला डोळ्यांनी बघायचंय. मी गुडघ्यामुळे घरीच. तिच्याकडे लक्ष ठेव.

आशीर्वाद आहेतच.
काका

२१ मार्च

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काकूला शेवटचं बघायला निघाले होते. तुमच्या गावच्या नाक्यावर गाडीच्या काचा फोडल्या, शिपायाचं डोकं फुटलं, आम्ही मागे फिरलो. मी चालत यायला हवं होतं. आले नाही, कारण मला भीती वाटली. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

काय झालं ते तुम्हाला इतरांकडून कळलं असेल, आता माझ्याकडून ऐका. घंटा झाली, मी मान हलवली, दारवानाने कुलूप लावलं. अकरा नावं वाचून झाली असतील, तोच बाहेरून दगड आले आणि गॅलरीत जुंपली. शहराकडच्यांनी खुर्च्यांचे पाय उपटले होते, तुमच्याकडच्यांनी खिशांतून साखळ्या काढल्या. एका बाईच्या तोंडावर खुर्ची बसली, तिचे दात माझ्या टेबलाखाली आले. कोणीतरी पेटतं फडकं पडद्यावर टाकलं. आणि काका, मी नावं वाचत राहिले. लवकर मोजणी संपवली की नियमाने दार उघडता येईल, एवढंच डोक्यात होतं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. ओरडून वाचत होते. आमच्या बाजूच्या एकाने दारवानाच्या डोक्यात खुर्चीचा लोखंडी पाय घातला, तो दाराशीच पडला आणि किल्लीसकट माणसांच्या खाली गेला. मी धावत जाऊन हाताने काचपेटी फोडली. आत खिळाच आहे हे मला माहीत होतं, तरी फोडली.

बाहेरून दार तोडेपर्यंत सात माणसं चेंगरून गेली. काकू मला गॅलरीत दिसली होती. नंतर दिसली नाही.

चौकशीत दारवानावर ठपका ठेवताहेत. दुसरी किल्ली त्यानेच हरवली म्हणे. त्याची कवटी फुटली आहे, बोलता येत नाही, पलंगाला बेडी घातली आहे. पक्षाने मला गप्प बसायला सांगितलंय. मी तुमचाही विचार करते. काकू गेली, आता या वयात तुम्हाला तुरुंगात बघवणार नाही. त्या किल्लीचं आपल्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नाही. विहिरीत टाका आणि हे पत्र जाळा.

रागावलात तरी तुटू नका.
भिंगरी

२५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी खरंच उठलो. खोटं सांगत नाही, विहिरीत टाकायलाच उठलो. जीव सगळ्यांना प्यारा असतो, म्हाताऱ्याला जरा जास्तच. कपाट उघडलं तर खणात किल्ली नाही. गाद्या उलट्या केल्या, डबे पालथे घातले. घरात एकच गोष्ट उघडायची राहिली होती, इस्पितळातून आलेलं काकूच्या कपड्यांचं गाठोडं. इतके दिवस माझा हात धजला नव्हता.

त्यात एक चिठ्ठी आहे. चष्मा फुटलेला एक. चप्पल एक. किल्ली एक, उजव्या मुठीत.

मला न सांगता ती परत द्यायला घेऊन गेली होती. गाठोडं देणाऱ्या बाईला आज फोन करून विचारलं. ती म्हणाली, बोटं सोडवायला दोघांना लागावं लागलं, हाताची दोन हाडं मोडली होती तरी मूठ सुटत नव्हती. दारापासून पाच पावलांवर सापडली म्हणे. आभाळ कोसळलं तरी दार उघडू नका, हे मी तुला शिकवलं. ती ते उघडायला निघाली होती. तिला तुडवणाऱ्यांत न्हावी असेल, तुझ्या पक्षाचा कोणी असेल, पण त्यांच्या आधी मी आहे.

दारवान निर्दोष आहे. दोन तारखेच्या चौकशीत मी किल्ली आणि चिठ्ठी घेऊन येतो, गुडघा गेला खड्ड्यात. तुझं पत्र जाळलेलं नाही, पण दाखवणारही नाही. तुझं तू बोलायचं. तुला अंगाखांद्यावर खेळवलंय, लोभ काही आटत नाही. पण त्या खोलीत तू माझ्या शेजारी बसणार की समोर, ते मला आधी कळव.

काका

२८ मार्च

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मी दोन तारखेची वाट पाहिली नाही. मान मी हलवली, मोजणी मी चालू ठेवली, पेटी रिकामी आहे हे मला सहा वर्षं माहीत होतं, असं काल लिहून सही करून दिलं. संध्याकाळी दारवानाची बेडी काढली. माझ्यावर आजपासून पहारा आहे. अध्यक्षपद गेलं, मत पुन्हा होईल.

किल्ली पुसू नका. तिच्या हातातून जशी आली तशीच आणा. मी शेजारी बसेन.

भिंगरी