बकरीदच्या बोटीआधी

४ फेब्रुवारी १९६६, शुक्रवार. देरा, दुबई.
नुकत्याच गावाहून आलेल्या मामीला आणि तिच्या मुलीला, हलिमाला, घेऊन पहिली सफर. रास-अल-खैमाच्या वाटेला, खजुरीच्या बागेपर्यंत. निघण्याआधी तेल, पाणी, स्टेपनी, जॅक पाहिले. मग पुन्हा पाहिले. मामू दुकानाच्या पायरीवरून ओरडले, "यल्ला करीम, चल! जीप आहे ती, नवरी नव्हे!" हलिमा हसली. माझे कान तापले.

मामूंचं म्हणणं सरळ आहे. मामीचं मन इथे रमलं तर बिऱ्हाड इथेच, आणि हलिमाचं न् माझं लग्नही इथेच. नाही रमलं तर दोघी बकरीदच्या आत बोटीने परत. रत्नागिरीत हलिमासाठी एक स्थळ सांगून आलेलंच आहे. मला कोणी विचारलेलं नाही. तिलाही नसावं. मामू एवढंच म्हणाले, "गाडी हळू चालव. मुलूख दाखव तिला."

हळू चालवली. उंट दाखवले. मामी सगळ्या वाटेत एकदाच बोलली. "सावली कुठे ठेवतात रे इथले लोक?"

५ फेब्रु.
हलिमाने चहा दिला. "करीमभाय, साखर बघा." साखर बरोबर होती. 'भाय' खटकलं.

११ फेब्रु., शुक्रवार.
फजिती. सगळी लिहितो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

शारजाच्या पुढे सुकी वाळू लागली. चाक रुतेल म्हणून मी जीप किनाऱ्याकडच्या ओलसर, चकचकीत जमिनीवर घेतली. आमच्या गावी ओहोटीला ओल्या वाळूवरून बैलगाडी सडकेवरून जावी तशी जाते. ओली वाळू पक्की, हे पोरालाही माहीत. मामूंनीही मान हलवली, ते त्याच गावचे. इथे मात्र वर मिठाचा पापुद्रा आणि खाली रबडी. कडाड आवाज झाला आणि जीप बुडाला टेकली.

वाळवंटातला एक बदू म्हातारा आला. "सबखा! सबखा!" म्हणून कपाळ बडवलं. अशा जमिनीला तेच नाव. त्याने झावळ्या आणून चाकांखाली घातल्या आणि चाकांतली हवा सोडायला लावली. सकाळी मोजून भरलेली हवा. माझ्या जिवाचं पाणी.

ढकलायला मामीही उतरली. जीप सुटली आणि मामी तोंडावर चिखलात. मी तर मेलोच. बोटीचं तिकीट डोळ्यांसमोर आलं.

मामी उठून बसली, हात पाहिले, आणि हसायलाच लागली. "अगो हलिमा, भाताच्या लावणीला गेल्यासारखं वाटलं गो! इतक्या दिवसांत पहिल्यांदा पायाला चिखल लागला!" मग म्हातारा हसला, मामू हसले. हलिमाने मला फडकं दिलं. "तोंड पुसा. मिशी पांढरी झालीय मिठाने."

'भाय' म्हणाली नाही. विसरली असेल.

२५ फेब्रु.
आता प्रत्येक शुक्रवारी मामीच विचारते, "आज कुठे?" पण काल ट्रंकेला नवं कुलूपही आणवलं. काय समजायचं?

१८ मार्च. खोरफक्कान.
काल पहाटे निघून डोंगरातल्या सुक्या नदीतून पलीकडच्या किनाऱ्यावर आलो. नुसते गोटे. हाडं खिळखिळी, पण टायर शाबूत. एका वळणावर हलिमा म्हणाली, "थांबवा." पाण्याची धार, त्यात पाय सोडून बसलो. कोणालाच घाई नव्हती. मी घड्याळ पाहिलं तर मामूंनी ते काढून स्वतःच्या खिशात टाकलं. "खलास. परवा मिळेल."

इथे आंब्याची झाडं आहेत! मोहोर आलेला. मामीने एक तुरा नाकाशी धरला आणि तो तसाच हातात घेऊन फिरत राहिली.

आज होडीने समोरच्या बेटावर. लहानसंच, खडकाळ, पण पाणी हिरवं, तळ दिसतो. मामीला खडकाला चिकटलेली कालवं, शिंपल्यांतली, दिसली. कमरेची सुरी काढून फोडायलाच बसली. नावाडी खमीस लांबून बघत होता. मामूंनी एक पुढे केलं तर त्याने तोंड असं केलं की हलिमा हसून हसून खाली बसली. आम्ही मात्र लिंबू पिळून खाल्ली. मला पोटाची काळजी होती. तरी खाल्ली.

नंतर हलिमा कड्यावर उभी होती. मी पाच हात लांब.
"हा समुद्र कुठला?"
"आपलाच. सरळ गेलं की आपला किनारा."
"मग लांब कुठे आहे?"
मी बोट समुद्राकडे केलं आणि तसंच धरून राहिलो. इतका आनंद मला आजवर...

१९ मार्च.
परतलो. पोट ठीक.

२४ मार्च, गुरुवार. देरा.
बोट परवा. तिकिटं आली आहेत. मामूंनी ती फळीवर ठेवली, कोणी हात लावला नाही. ट्रंक अंगणात उघडी. अर्धी भरलेली, की अर्धी रिकामी केलेली, कळत नाही. विचारायची हिंमत नाही.

दुपारी मामी गावाहून आणलेला शेवटचा नारळ फोडायला बसली. त्याला कोंब फुटला होता. कोंबाच्या नारळात आत जो गोड गोळा असतो तो हलिमाचा जीव की प्राण. लहानपणी त्यासाठी भांडायची. आज तिने मामीच्या हातून नारळ काढून घेतला. अंगणाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाखाली जिथे थेंब पडतात तिथे खड्डा करून अर्धा पुरला.

मामी कोयता हातात धरून बघत राहिली. "आणि परवापासून पाणी कोण घालणार त्याला?"

हलिमाने हात झटकले. "आधी गोड पाणी आणा कोणीतरी. पिंपातलं खारट आहे."

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलून विहिरीकडे निघालो. वळून बघितलं तर मामी ओणवी होऊन नारळाभोवतीची माती दाबत होती.