धुऱ्यावरचं वारूळ

रोहणा, १४ जुलै २०२५

चि. सुरभीस,
अ. उ. आ.

शनिवारी, १२ जुलैला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या शेताच्या कडेला धुऱ्यावरचं वारूळ बुडापासून खणलंस आणि चार पोती भरून नागपूरला पळालीस. वर चिठ्ठी ठेवलीस, की वारुळाची माती बारीक आणि चिकण असते, भांडी छान होतात. मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या शाळेत आम्ही न विचारता दुसरीचा खोडरबरही घेत नसू.

आत नाग नव्हता हे तुझं नशीब. आता माझं बघ. २९ला नागपंचमी. गल्लीतल्या बारा जणी दरवर्षी तेच वारूळ पूजतात आणि मग माझ्या ओसरीवर चहाला बसतात. एरवी रिटायर्ड बाईकडे कोण फिरकतं? यंदा त्यांना काय दाखवू, खड्डा?

वेळेवर जेवत जा.

तुझी संतापलेली, तरीही आत्याच,
प्रमिला


नागपूर, १८ जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

विचारलं होतं, फोनवर. तू मालिका बघत होतीस आणि म्हणालीस, माती ना, लागेल तेवढी ने. ते वारूळ पूजेचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. बाबांनी आम्हाला सणाला कधी गावी आणलंच नाही. चुकलंच माझं.

माती मळून झाली, ती आता तशीच परत येणार नाही. म्हणून तिचंच वारूळ घडवते आहे, हातभर उंच, बिळांसकट. भट्टीतून निघालं की गावाकडे येणाऱ्या सचिनदादाच्या गाडीने पाठवते. राग असू दे, पण लोणचं पाठव.

तुझ्या शिव्यांवर वाढलेली,
सुरभी


रोहणा, ३१ जुलै २०२५

चि. सुरभीस,
अ. उ. आ.

तुझं वारूळ खड्ड्यात बसवलं आणि लाजेने आभाळाकडे बघत उभी राहिले. शेजारच्या रुख्माबाईने ते बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, नागोबाचं घरकुल मंजूर झालं वाटते. आमचं तं तीन सालापासून कागदावरच हाये." पूजा हसण्यातच झाली.

नंतर मात्र कोणी उठेना. प्रत्येकीला आपल्या धुऱ्यावर असंच पक्कं हवं आहे. काल बाराही जणी नाल्याची माती टोपल्यांत घेऊन ओसरीवर हजर. मी एक घडवून दाखवलं, तर रुख्माबाईच्या मते तो कुकर झाला. माझी दुपारची झोप गेली, साखर संपली. आज जाताना त्यांनी विचारलं, उद्या किती वाजता येऊ? मी अडीच सांगितलं. सुरभी येऊन शिकवेल, असंही सांगून बसले आहे.

तेव्हा कोणत्या तारखेला येतेस, ते १० ऑगस्टच्या आत मला लेखी कळव.

तुझी,
प्रमिलाआत्या